सर्व कलांच्या महोत्सवाची वाट पाहताना

विद्यार्थ्याने महोत्सवात आपल्या विषयाचेच कार्यक्रम पाहावेत, अन्यथा हाती काही लागत नाही, असे काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. मी चित्रकला शिकते आणि येत्या महोत्सवाची जी आतुरतेने वाट पाहत आहे, ती प्रदर्शनांपेक्षा नृत्य आणि नाटकांसाठी अधिक आहे. वर्गात आम्ही मानवाकृती रेखाटतो तेव्हा समोरची व्यक्ती स्थिर बसलेली असते. नर्तक मात्र उडी घेण्यापूर्वी क्षणभर गुडघ्यांत वाकतो, टाच किंचित उचलली जाते आणि शरीराचा सगळा भार चवड्यावर येतो. तो क्षण टिपण्यासाठी मला अगदी पुढच्या रांगेत बसायचे आहे. (वही लहान आणि पेन्सिल मऊ असावी, अंधारात पान उलटल्याचा आवाजही शेजारच्याला खुपतो.)

१९४७ मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला, तेव्हा निमंत्रण नसतानाही आठ नाट्यसंस्थांनी तेथे येऊन आपले प्रयोग केले आणि त्यातूनच पुढे ‘फ्रिंज’ म्हणजे मुख्य महोत्सवाच्या कडेने भरणारा, निमंत्रणाविना सहभागी होता येणारा महोत्सव आकाराला आला. म्हणूनच कार्यक्रमपत्रिकेतील मोठ्या नावांइतकेच लहान दालनांतील नवख्यांचे प्रयोगही मी आवर्जून पाहणार आहे, कारण आमच्याच वयाची मुले अपुऱ्या साधनांनिशी रंगमंच कसा उभा करतात, हे मला तेथेच जवळून पाहता येईल. रोज दोनच कार्यक्रम पाहायचे आणि मधल्या वेळात रेखाटने पुरी करायची, असे मी ठरवले आहे.