मत लसीबद्दल, पण बाजू संघाची किंवा पक्षाची: तुमचे अनुभव सांगा

घरातल्या गप्पांमध्ये फुटबॉल, राजकारण आणि लस हे तीन विषय हल्ली एकमेकांत गुंतून येतात. एखादा खेळाडू मैदानावर कोसळला की तासाभरात लसीला दोष लागतो. लस चांगली की वाईट हे ऐकून घेण्याआधी बोलणारा कोणत्या पक्षाचा, हे पाहिलं जातं. तज्ज्ञांनी यावर भरपूर लिहिलंय. मला हवे आहेत ते जवळच्या माणसांशी झालेल्या बोलण्याचे अनुभव: कोण काय म्हणालं, तुम्ही काय उत्तर दिलंत, पुढे काय झालं. कुणाची नावं देऊ नका. ज्यांच्या मनात लसीबद्दल शंका आहे त्यांनीही जरूर लिहा, ते गप्प राहिले तर या चर्चेला अर्थ नाही. आलेली उत्तरं खाली आहेत, प्रत्येक वेगळ्या माणसाचं.

* * *

मी फुटबॉलवेडा, म्हणून तिथूनच सुरू करतो. १२ जून २०२१, युरो स्पर्धेतला डेन्मार्क-फिनलंड सामना. पहिला हाफ संपत आलेला असताना डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन कुणाचाही धक्का न लागता पडला. त्याचे सहकारी त्याच्याभोवती कडं करून उभे राहिले, डॉक्टरांनी छाती दाबून आणि विजेचा झटका देऊन त्याचं हृदय पुन्हा सुरू केलं. तो शुद्धीवर आल्याची बातमी येईपर्यंत आम्ही मित्र एकमेकांशी बोललोसुद्धा नाही.

रात्री आमच्या ग्रुपवर पहिला संदेश आला: 'त्याने नुकतीच लस घेतली होती.' पुरावा म्हणून त्याच्या इटालियन क्लबच्या, इंटर मिलानच्या, डॉक्टरांच्या एका रेडिओ मुलाखतीचा दाखला. अशी मुलाखत झालीच नाही, असं त्या रेडिओ केंद्राने स्पष्ट केलं. एरिक्सनने लस घेतलेली नाही, असं इंटरचे संचालक मारोत्ता यांनीही सांगितलं. मी हे ग्रुपवर टाकलं तर उत्तर आलं, 'क्लब तेच म्हणणार.'

मग मी वाद सोडला आणि याआधी मैदानावर कोसळलेल्या खेळाडूंबद्दल बोलायला लागलो. मार्क-व्हिव्हियन फो, २००३, कॅमेरून-कोलंबिया उपांत्य सामना. मिक्लोश फेहेर, २००४. सेव्हियाचा अंतोनियो पुएर्ता, २००७. फॅब्रिस मुआंबा २०१२ मध्ये कोसळला, त्याचं हृदय ७८ मिनिटं बंद होतं आणि तरी तो वाचला. ही नावं ग्रुपमधल्या प्रत्येकाला पाठ आहेत, पुएर्तासाठी रडलेले दोघे तिथेच होते. कोविडची लस तेव्हा कुठे होती? संदेश टाकणाऱ्या मित्राने बराच वेळ काही लिहिलं नाही. नंतर त्याने विचारलं, 'फोला नेमकं काय होतं रे?' हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार, मी सांगितलं. तिथून गाडी खेळाडूंच्या हृदयतपासणीवर गेली आणि फार चांगलं बोलणं झालं. चाहत्याला त्याच्याच खेळाचा इतिहास आठवून द्यावा, हा माझा अनुभव. बाहेरून आणलेली आकडेवारी त्याला परकी वाटते.

आणि हो, एरिक्सनच्या छातीत आता हृदयाची लय सांभाळणारं उपकरण आहे. ते बसवल्यावर इटलीत खेळता येईना, म्हणून तो इंग्लंडच्या ब्रेंटफर्ड क्लबकडे गेला. २०२४ च्या युरोमध्ये त्याने स्लोव्हेनियाविरुद्ध गोल केला तेव्हा आमचा सगळा ग्रुप जागा होता.

* * *

राजकारणाचा अनुभव माझ्याकडे आहे. माझे मामा एका पक्षाचे जुने कार्यकर्ते. कोविडची लस आली तेव्हा सत्ता दुसऱ्या पक्षाची, त्यामुळे मामांच्या लेखी ती 'त्यांची लस'. मामी घाबरलेली, कारण मामांना मधुमेह आहे. मी, माझी बहीण, शेजारचे गुरुजी, सगळ्यांनी समजावून पाहिलं. आम्ही जितकं बोलू तितके मामा सरकारवर अधिक चिडायचे. आम्ही लसीबद्दल बोलत होतो आणि त्यांना ऐकू येत होतं ते 'तुमचा पक्ष चुकला' एवढंच.

शेवटी त्यांच्याच पक्षातले एक निवृत्त डॉक्टर घरी आले. सरकारला त्यांनी मामांच्या दुप्पट नावं ठेवली आणि मग म्हणाले, 'मी दोन्ही डोस घेतलेत, तुम्ही कधी घेताय?' त्याच आठवड्यात मामांनी लस घेतली. मत बदललं असं ते आजही म्हणत नाहीत, 'आपल्या डॉक्टरांनी सांगितलं' म्हणतात. माझ्या दृष्टीने ते पुरेसं आहे.

कोणत्याही एका पक्षाला यात दोष देण्यात अर्थ नाही, हे अमेरिकेकडे पाहून पटतं. तिथे लस वेगाने तयार करण्याची सरकारी मोहीम २०२० मध्ये ट्रम्प यांच्याच कारकिर्दीत सुरू झाली. त्या वर्षी निवडणुकीआधी अविश्वास विरोधकांच्या बाजूने बोलला जात होता. ट्रम्प सांगतात म्हणून घेणार नाही, डॉक्टरांनी सांगितलं तर घेईन, असं विरोधकांच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार कमला हॅरिस ऑक्टोबरमधल्या वादचर्चेत म्हणाल्या. सत्ता बदलली आणि अविश्वासाची बाजूही बदलली. ऑगस्ट २०२१ मध्ये अलाबामातल्या सभेत ट्रम्प यांनी लस घ्या म्हटलं, तर त्यांच्याच काही समर्थकांनी हुर्यो उडवली. लसी मात्र त्याच होत्या.

* * *

माझा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. 'गोवराची लस दिलीत ना, त्यानेच झालं,' हे मी नात्यातल्या बायकांकडून, त्याच्या बारशाला आलेल्या माणसांकडून, अगदी अनोळखी लोकांकडूनही ऐकलंय. बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, त्यांना माझ्या मुलाची कळकळ असते. पण दर वेळी मला त्याचा अर्थ असा लागतो की माझ्या हातून माझ्या मुलाचं नुकसान झालं.

या समजाचं मूळ १९९८ चं आहे. अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात फक्त १२ मुलांवर, या लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा एक लेख लिहिला. ब्रायन डिअर या पत्रकाराने त्यातल्या लबाड्या उघड केल्या. २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांचा वैद्यकीय परवानाही गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांची पाहणी झाली, २०१९ मध्ये निष्कर्ष आले: लस घेतलेल्या मुलांमध्ये स्वमग्नता वाढलेली नाही. मग लोकांना तसं का वाटतं? स्वमग्नतेची लक्षणं पालकांच्या ध्यानात येऊ लागतात ते वय आणि या लसीचं वय जवळपास एकच. एकापाठोपाठ एक घडलं की मन दोन्ही जोडतं.

मी आता हे सगळं शांतपणे सांगते. आणि हेही सांगते की माझ्या मुलाकडे बोट दाखवून दुसऱ्या आईला घाबरवू नका. गोवराने मुलं दगावतात. माझा मुलगा खुशाल आहे, त्याला नकाशे काढायला आवडतात.

* * *

मी मुलांना फुटबॉल शिकवतो. जर्मनीच्या बायर्न म्युनिकचा खेळाडू जोशुआ किमिच याने २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये लस घेतली नसल्याचं सांगितलं, तेव्हा बायर्नची चाहती मुलं म्हणाली तो धाडसी, बाकीची म्हणाली तो मूर्ख. पुढच्याच महिन्यात त्याला कोविड झाला, फुप्फुसांवर परिणाम झाला, आणि डिसेंबरमध्ये तो म्हणाला की आता लस घेणार. त्यावर विरोधी क्लबची मुलं हसली. मी त्यांना थांबवलं. भीती वाटली हे उघड सांगणारा आणि नंतर जाहीरपणे मत बदलणारा माणूस हसण्यासारखा नाही. आपल्यावर हसतील या भीतीनेच पुष्कळ लोक मत बदलत नाहीत.

* * *

शंका असलेल्यांनी लिहा म्हटलंय, म्हणून लिहितो. माझ्या धाकट्या भावाच्या दुसऱ्या डोसनंतर छातीत दुखायला लागलं. हृदयाच्या स्नायूला सूज होती. तो बरा झाला. तरुण मुलांमध्ये एमआरएनए प्रकारच्या (फायझर, मॉडर्नासारख्या) लसींनंतर हे क्वचित होतं, बहुतेक सौम्य असतं, कोविडनेही असा त्रास होऊ शकतो, हे सगळं मी वाचलंय. मी लसविरोधी नाही, माझ्या मुलीच्या सगळ्या लसी वेळेवर झाल्या आहेत. पण भावाचा अनुभव सांगितला की मित्र म्हणतात, 'तूही त्यांच्यातला झालास का?' आणि ज्यांना लस म्हणजे विष वाटतं, ते भावाचा फोटो मागतात. दोन्हीकडच्यांना त्याची तब्येत कशी आहे हे विचारावंसं वाटत नाही. खरे दुष्परिणाम दडपले, तर अफवांना आयतं खतपाणी मिळतं.

* * *

वरच्या दादांना उत्तर. मी लसीकरणाचं काम करणारी परिचारिका आहे. तुमचा भाऊ आता कसा आहे? खेळत असेल तर डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत जोराचा व्यायाम नको. अशा सुजेनंतर काही महिने खेळ बंद ठेवायला सांगतात. तुमचं म्हणणं मला पटतं.

माझा अनुभव असा की लोक येताना एखादी अफवा घेऊन येतात आणि खरी काळजी शेवटी बोलतात. एक तरुण लसीतली चिप, उपग्रह असं बरंच बोलला. मी ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं त्याने, मूल व्हायला अडचण येईल का? त्याचं नुकतंच लग्न ठरलं होतं. मी सांगितलं की लसीच्या आधी आणि नंतर शुक्राणू मोजून पाहिलेत, संख्या घटलेली आढळली नाही. उलट आजारातल्या तापाने ती काही काळ कमी होऊ शकते. चिपबद्दल किंवा उपग्रहाबद्दल तो पुन्हा बोलला नाही.

आणि तरुण मुलांना मी सुई टोचण्याआधीच सांगते: आठवडाभरात छातीत दुखलं, धाप लागली, धडधड वाढली तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि लस कधी घेतली ते सांगा. हे ऐकून उठून गेलेला मुलगा मला आठवत नाही. बहुतेक जण एखादा प्रश्न विचारतात, उत्तर ऐकतात आणि लस घेतात.