टेलिफोन कंपन्यांची कर्मचारीकपात : खर्च कोणत्या वर्षाचा, कोणत्या खात्याचा आणि कोणाच्या माथी?

प्रश्न : खतावणी

अमेरिकेतील टेलिफोन कंपन्यांचे १९९० च्या दशकातील वार्षिक अहवाल मी सध्या अभ्यासासाठी वाचत आहे. नायनेक्स कंपनीने १९९३ च्या शेवटच्या तिमाहीत पुनर्रचनेपोटी करपूर्व सुमारे २.१ अब्ज डॉलरचा खर्च एकदम नोंदवला. १९९६ अखेरपर्यंत सुमारे १६,८०० कर्मचारी कमी करण्याची योजना हा त्यातील एक मोठा भाग होता. भागधारकांसाठीच्या हिशेबात हे कसे बसते याची मला साधारण कल्पना आहे. परंतु या कंपन्यांना फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनच्या, म्हणजे एफसीसीच्या, ‘भाग ३२’ या एकसमान लेखापद्धतीनुसारही पुस्तके ठेवावी लागत, आणि माझा घोटाळा तेथे होतो. जी माणसे पुढच्या तीन वर्षांत जाणार, त्यांचा खर्च नियामकाच्या पुस्तकांत पहिल्याच वर्षी कसा धरला जातो? अशा खर्चाला असाधारण बाब मानून परिचालन खर्चाबाहेर का ठेवत नाहीत? आणि अखेरीस त्याचा भार दरांतून ग्राहकावर पडत होता की नाही?

उत्तर : नावेजमा

आपल्या पहिल्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे, ते आधी बाजूला करू. नियामकाची पुस्तके म्हणजे सर्वस्वी निराळे जग, असे १ जानेवारी १९८८ नंतर राहिले नाही. त्या दिवशी लागू झालेला भाग ३२ जाणीवपूर्वक सर्वमान्य लेखातत्त्वांच्या जवळ आणलेला होता. अमेरिकेच्या वित्तीय लेखा मानक मंडळाने नवे मानक (क्रमांकाने ओळखला जाणारा लेखानियम) काढले की कंपनीने ते स्वीकारण्याचा इरादा आयोगाला कळवायचा, आणि आयोगाने हरकत घेतली नाही तर ९० दिवसांनी ते आपोआप लागू व्हायचे, अशी तरतूद त्यातच आहे. त्यामुळे खर्च केव्हा ओळखायचा याचे उत्तर बहुतांशी मानकांतच शोधावे लागते.

मानके मात्र एका सुरात बोलत नाहीत. कंपनीची नोकरीसमाप्तीची ठरलेली योजना असेल, उदाहरणार्थ संघटनेशी झालेल्या करारात सेवाकाळानुसार रक्कम ठरलेली असेल, तर १९९२ चे मानक ११२ लागते. अशा योजनेखाली माणसे कमी होण्याची शक्यता दाट झाली आणि रकमेचा वाजवी अंदाज बांधता आला की संपूर्ण देयता त्याच वर्षी उभी करावी लागते, मग प्रत्यक्ष पैसे तीन वर्षांनी का जाईनात. याउलट स्वेच्छेने लवकर निवृत्त होणाऱ्यांसाठी थोड्या मुदतीपुरते खास प्रोत्साहन जाहीर केले, तर १९८५ च्या मानक ८८ नुसार कर्मचाऱ्याने देकार स्वीकारल्याखेरीज खर्च धरता येत नाही. म्हणजे तोच कर्मचारी, तेच पद आणि जाण्याचा तोच दिवस असूनही, त्याला कोणत्या योजनेखाली निरोप दिला यावर खर्चाचे वर्ष ठरते. नायनेक्सनेच पुढे १९९४ मध्ये निवृत्तीसाठी प्रोत्साहन देऊ केले आणि त्याचा वाढीव खर्च देकार स्वीकारले जातील तसतसा नोंदवला. एकाच कपातीचा खर्च अहवालांत अनेक वर्षे पसरलेला दिसतो, त्याचे हे एक कारण.

असाधारण बाबीविषयी थोडक्यात सांगतो. त्या मंडळाच्या पूर्वीच्या लेखातत्त्व मंडळाच्या, म्हणजे एपीबीच्या, १९७३ च्या मत क्रमांक ३० नुसार बाब असाधारण ठरायला ती स्वरूपाने असामान्य आणि पुन्हा सहसा न घडणारी, अशी दोन्ही असावी लागे. स्विचिंग यंत्रणा बदलली की माणसे कमी होणे हे टेलिफोन व्यवसायाच्या नेहमीच्या चालीतलेच आहे. त्यामुळे रक्कम डोळे दिपवणारी असली तरी ती परिचालन खर्चातच राहते.

उत्तर : पुनर्विलोकन

लेखामानकांपुरते हे योग्य आहे, पण दरनिश्चितीच्या दृष्टीने मला ते पटत नाही. कपातीचा खर्च हा बचत विकत घेण्यासाठी दिलेला पैसा आहे. बचत पाच-सात वर्षे मिळणार असेल तर खर्चही तेवढ्याच वर्षांवर वाटून टाकणे, म्हणजे तो ताळेबंदात मालमत्ता म्हणून धरून हप्त्याहप्त्याने उतरवणे, हेच ग्राहकाला न्याय्य. नियंत्रित, म्हणजे ज्यांचे दर नियामक ठरवतो अशा, उद्योगांसाठीच्या मानक ७१ ने तशी सोय दिलेलीच होती.

उत्तर : तेरीज

सोय होती, पण तिला अट होती. नियामकाने दर असे बांधलेले असावेत की त्यांतून ती रक्कम वसूल होण्याची दाट शक्यता आहे, तरच मानक ७१ खाली मालमत्ता उभी करता येते. व्यवस्थापनाला वाटणी न्याय्य वाटली, एवढ्यावर ते भागत नाही. शिवाय १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत स्पर्धा आणि प्राइस कॅप (खर्चाऐवजी थेट दरांवर कमाल मर्यादा घालण्याची पद्धत) यांमुळे बहुतेक बेल कंपन्यांनी, म्हणजे नायनेक्ससारख्या प्रादेशिक टेलिफोन कंपन्यांनी, मानक ७१ वापरणेच सोडले होते. एखाद्या राज्याच्या आयोगाने खर्च वाटून घेण्याचा आदेश दिलाच, तर त्यापायी एफसीसीच्या पुस्तकांतील मूळ नोंद बदलत नसे. फरक खाते १५०० मध्ये, म्हणजे अन्य अधिकारक्षेत्रांतील दरनिश्चितीमुळे पडणाऱ्या फरकांच्या खात्यात, वेगळा दिसे आणि त्याचा उत्पन्नावरील परिणाम खाते ७९१० मध्ये जाई. नोंद कशी करायची आणि वसुली कोणाकडून करायची हे दोन प्रश्न भाग ३२ ने मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. आपण सुचवलेला न्याय दुसऱ्या प्रश्नाच्या कक्षेतला आहे.

आता खात्यांकडे वळू, कारण वाद खरा तेथे होतो. भाग ३२ मध्ये खर्चाच्या उपनोंदी ठेवताना ‘वेतन व मजुरी’ या वर्गात नोकरीसमाप्तीच्या रकमा स्पष्टपणे घातल्या आहेत, तर निवृत्तिवेतन आणि विमा ‘लाभ’ या वर्गात येतात. याचा सरळ अर्थ असा की केबल जोडणाऱ्याची रक्कम केबलच्या देखभाल खर्चात आणि ग्राहकसेवेतील कर्मचाऱ्याची ग्राहकसेवेच्या खात्यात पडायला हवी. सगळी रक्कम सामान्य व प्रशासकीय खर्चाच्या खाते ६७२८ मध्ये एकगठ्ठा टाकण्याचा मोह सोपेपणामुळे होतो. त्याचा परिणाम तितका सोपा नसतो, कारण पुढे एफसीसीच्याच नियमांतील भाग ६४ नुसार नियंत्रित आणि अनियंत्रित धंद्यांत, व भाग ३६ नुसार आंतरराज्य आणि राज्यांतर्गत सेवेत खर्च विभागताना प्रत्येक खात्याची फूटपट्टी निराळी असते. प्रशासकीय खर्च भाग ३६ मध्ये संयंत्राशी (केबल, स्विच वगैरेंशी) थेट निगडित, संयंत्राशी सर्वसाधारण निगडित आणि ग्राहकसेवा या तीन मोठ्या खर्चगटांच्या एकत्रित प्रमाणात वाटला जातो. अनियंत्रित धंद्यातून गेलेल्या माणसांचा खर्च चुकीच्या खात्यावाटे नियंत्रित ग्राहकाकडे सरकू शकतो. लेखापरीक्षक म्हणून मी सर्वप्रथम हेच तपासेन.

आणखी एक खाचखळगा बांधकामाचा. संयंत्र उभारणाऱ्या कामगारांच्या वेतनाबरोबर त्यांचे लाभ आणि वेतनावरील करही मालमत्तेच्या किमतीत चढवले जातात. नोकरीसमाप्तीची रक्कम याच भारदरात (वेतनावर ठरावीक प्रमाणात चढवायच्या खर्चाच्या दरात) मिसळली, तर जो माणूस यापुढे काहीच बांधणार नाही त्याचा खर्च नव्या केबलच्या किमतीत शिरतो आणि त्यावर वर्षानुवर्षे परतावा मागितला जातो. माझ्या मते तो चालू खर्चातच राहिला पाहिजे.

खतावणी

तेरीज, आपल्या उत्तराबद्दल आभार. पण शेवटचा प्रश्न राहिला : स्थानिक कंपन्यांना १ जानेवारी १९९१ पासून प्राइस कॅप लागू होती, दर खर्चावर आधारलेले नव्हतेच, तर मग या नोंदीने ग्राहकाला काय फरक पडणार?

तेरीज

निर्भेळ प्राइस कॅपमध्ये काहीच पडला नसता. सुरुवातीच्या कॅपला मात्र नफ्यातील वाट्याची जोड होती. ३.३ टक्क्यांचा उत्पादकता घटक (दरमर्यादा ठरवताना महागाईतून दरवर्षी वजा होणारा टक्का) निवडलेल्या कंपनीचा आंतरराज्य परतावा १२.२५ टक्क्यांच्या वर गेला तर वरच्या नफ्याचा अर्धा भाग पुढील वर्षी दर कमी करून परत करायचा, १६.२५ टक्क्यांच्या वरचा सगळा परत करायचा, आणि परतावा १०.२५ टक्क्यांखाली घसरला तर उलट दर वाढवून तिथपर्यंत भरपाई मिळवता येई.

समजा आंतरराज्य गुंतवणूक १०० कोटी डॉलर आणि करोत्तर उत्पन्न १२.५ कोटी आहे. मर्यादेपेक्षा जास्तीचे उत्पन्न २५ लाख, त्यातील साडेबारा लाख ग्राहकांचे. आता कपातीच्या तरतुदीचा, म्हणजे आधीच नोंदवलेल्या खर्चाचा, आंतरराज्य वाटा करोत्तर २ कोटी धरला की परतावा १०.५ टक्के होतो आणि ग्राहकांचा वाटा नाहीसा होतो. तो ३ कोटी असेल तर परतावा ९.५ टक्क्यांवर येतो आणि कंपनी ७५ लाखांच्या तुटीवर, कर मिळवून, दरवाढ मागू शकते. एका वर्षात सगळी तरतूद करणे आणि ती तीन वर्षांत येऊ देणे, यांत ग्राहकाच्या खिशाचा फरक असा पडत होता.

नावेजमा

याला दोन गोष्टी जोडतो. १९९७ मध्ये एफसीसीने उत्पादकता घटक ६.५ टक्के केला आणि वाट्याची पद्धत रद्द केली. खालच्या मर्यादेची भरपाई मात्र ठेवली. त्यामुळे १९९४ किंवा १९९५ मध्ये अंदाज फुगवून केलेली तरतूद १९९७ नंतर परत फिरवली गेली, तर तरतुदीच्या वर्षी ग्राहकांचा वाटा घटला आणि परतीच्या वर्षी वाढलेल्या नफ्यात वाटा देण्याचे बंधनच उरले नाही. अहवाल वाचताना तरतुदीच्या आकड्यापेक्षा पुढच्या वर्षांतील तिची हालचाल अधिक बारकाईने पाहावी.

दुसरी गोष्ट निवृत्तिवेतन निधीची. बेल कंपन्यांचे हे निधी गरजेपेक्षा जास्त भरलेले असत, आणि लवकर निवृत्तीचे प्रोत्साहन पुष्कळदा थेट निधीतून दिले जाई. पुस्तकात खर्च दिसतो, कंपनीच्या तिजोरीतून रोख जात नाही. शिवाय एकरकमी रकमा घेऊन लोक बाहेर पडले की मानक ८८ नुसार निवृत्तिवेतनाची देणी चुकती झाल्याबद्दल नफाही नोंदवला जातो. तो निधी ज्या काळात भरला गेला त्या काळात दर खर्चावर आधारलेले होते, म्हणजे त्यात ग्राहकांचे पैसे होते. तेव्हा तरतूद नियंत्रित खात्यात आणि हा नफा दुसरीकडे, अशी नोंद दिसली तर तिचे कारण विचारायलाच हवे.