सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषिकांचं समुपदेशन: विद्यार्थ्यांची तयारी कशी करून घ्यावी?

प्रश्न: विडी कामगार बायका घरी तेलुगू बोलतात, समुपदेशन शिकणारे विद्यार्थी मराठी. बाईंच्या मुलीलाच दुभाषी म्हणून बसवलं तर चालेल का?

उत्तर १: अजिबात नको. घरातलं भांडण, आत्महत्येचे विचार आई लेकीसमोर बोलत नाही. बोललीच तर लेक गाळते. बाहेरचा दुभाषी घ्या. आधी १० मिनिटं गोपनीयता समजावा. एकेक वाक्य भाषांतर, नजर मात्र बाईंकडे.

उत्तर २: शिवाय २०१३ च्या डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका) मधली १६ प्रश्नांची सांस्कृतिक मुलाखत रोल-प्लेमध्ये घोटवा. ‘हा त्रास घरच्यांना कसा सांगता?’ इथंच पोरं घसरतात. ‘अंगात येतं’ ऐकलं की भ्रम लिहून मोकळी!

उत्तर ३: पीएचक्यू-९ (नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) चं जागेवर तोंडी भाषांतर नको, छापील तेलुगू प्रत वापरा. आणि मजुरी हजार विड्यांवर मिळते, तेव्हा भरदुपारी तासभर बसवू नका.