खांद्याचं ऑपरेशन झालं, एमआरआय चांगला, तरी दुखतंच. हे रक्तातलं असतं का?

मांडवाखालचा (तासगाव तालुका)
राम राम मंडळी. वय ४७, द्राक्षबाग आहे. ज्यांची बाग आहे त्यांना सांगायला नको, छाटणी काय, विरळणी काय, डिपिंग काय, सगळं मान वर करून आणि हात डोक्याच्या वर धरून. उजव्या खांद्याची शीर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा कंडरा, फाटली होती. गेल्या वर्षी खरड छाटणी उरकल्यावर दुर्बिणीतून शिवून घेतली. डॉक्टर म्हणतात, टाके जुळलेत, नवा एमआरआय चांगला. पण रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, आणि छाटणीची कात्री हातात घ्यायच्या आधीच खांदा आखडतो.

चुलतभावाचं तेच ऑपरेशन, तेच डॉक्टर. गडी दिवाळीत फवारणी करत होता.

परवा डॉक्टर म्हणाले, "निम्मं दुखणं आता डोक्यात आहे." घरी आल्यावर बायकोनंही तीच री ओढली. आईचा खांदा पण जन्मभर असाच गेला. म्हणून विचारतो, हे आनुवंशिक असतं का? त्याची काही तपासणी निघते का? आणि डोक्यात आहे म्हणजे मी नाटक करतोय का?

कृष्णाकाठ
दादा, आमच्याकडं एक म्हातारा चोळून देतो, दोन बसण्यात मोकळं. नंबर हवा तर सांगा.

मिरजकर फिजिओ
शिवलेल्या शिरेवर चोळून घेऊ नका, कृपा करा.

आता प्रश्नाकडे. मी अशी माणसं रोज बघते, नाटक करणारा क्वचित भेटतो. दुखणं खांद्यात सुरू होतं, पण ते किती जाणवायचं हे मेंदू आणि मज्जारज्जू ठरवतात. म्हणून एमआरआय आणि दुखणं यांचा मेळ बसेलच असं नाही. साठीच्या पुढच्या कितीतरी लोकांच्या शिरा फाटलेल्या असतात आणि त्यांना पत्ताही नसतो.

यावर फ्लोरिडा विद्यापीठात स्टीव्हन जॉर्ज आणि सहकाऱ्यांनी खांद्याच्या ऑपरेशनच्या पेशंटवर काम केलंय, २००८ साली छापून आलं. त्यांनी दोन गोष्टी तपासल्या. एक सीओएमटी नावाचं जनुक. त्यापासून तयार होणारं एन्झाइम शरीरातलं ॲड्रेनलिन, डोपामिन वगैरे निकामी करतं. काहींच्यात ते जन्मतःच मंद चालतं, आणि अशांना दुखणं जास्त जाणवू शकतं. दुसरी गोष्ट, माणूस दुखण्याचा विचार कसा करतो. 'हे आता कधीच जाणार नाही', 'काहीतरी भयंकर झालंय' असं घोळत राहणं. त्यासाठी १३ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, १९९५ पासून वापरात, गुण ० ते ५२.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की एन्झाइम मंद आणि मनात घोर, हे ज्यांच्यात एकत्र आलं त्यांचं दुखणं ऑपरेशननंतरही जास्त राहिलं. म्हणजे आईकडून काही आलं असू शकतं, पण ते एकट्याच्या जोरावर सगळं ठरवत नाही. आई आणि तुम्ही त्याच मांडवाखाली राबलात, हेही विसरू नका.

जनुकाची तपासणी करायला जाऊ नका. रिपोर्ट हातात आला तरी उपचार तेच राहतील. त्यापेक्षा त्या पैशात फिजिओकडे नियमित जा.

हळदीची पेठ, सांगली
ताईंचं पटलं. फक्त साखर तपासली का? माझा खांदा असाच आखडला होता, निघाली शुगर. मनाचं नंतर बघू, आधी रक्त बघा.

मांडवाखालचा
साखर नॉर्मल, थायरॉइड पण. ताई, खरं सांगू? ऑपरेशननंतर एकदा शिडीवरून उतरताना खांद्यात कट्ट झालं. तेव्हापासून हात वर न्यायचा म्हटलं की तोच आवाज कानात. टाका तुटला तर बाग कोण बघणार, कर्ज आहे. मुलगा म्हणतो बाबा तुम्ही हात छातीशी धरूनच चालता. आता फळ छाटणी तोंडावर आलीय.

मिरजकर फिजिओ
तो आवाज झाल्यानंतर नवा एमआरआय झाला का? झाला असेल आणि टाका जागेवर असेल, तर डॉक्टरांकडून तो फोटो समोर ठेवून समजून घ्या. तोंडी 'चांगलं आहे' याने तुमचं समाधान होणार नाही. त्या कट्टची गोष्टही त्यांना सांगा, ती तुम्ही अजून सांगितली नसावी असं वाटतंय.

हात छातीशी धरून ठेवला की खांदा आणखी आखडतो, दुखतो, मग भीती वाढते. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, रोज थोडा जास्त. थोडं दुखलं म्हणजे टाका तुटला असं नसतं. मात्र दुसऱ्या दिवशीही ठणका राहिला तर एक पायरी खाली या. छाटणीला डॉक्टरांची परवानगी असेल तर पहिल्या दिवशी एकच ओळ घ्या, उरलेल्या ओळी गड्यांना द्या. आणि झोप लागत नाही, कर्जाचा घोर आहे, हेही डॉक्टरांना सांगायचं. त्यावर बोलणारे समुपदेशक असतात, वेड लागलेल्यांसाठीच असतात असं काही नाही.

मांडवाखालचा
नवा एमआरआय त्या कट्टनंतरचाच आहे. सोमवारी फाइल घेऊन जातो. ती भिंतीची सवय जेवणाआधी करायची की नंतर?

मिरजकर फिजिओ
कधीही. गरम पाण्याच्या अंघोळीनंतर केलीत तर सोपी जाईल.