मदत हवी आहे : पहिल्या महायुद्धातल्या जखमी शिपायांचा फोटो, ब्रायटन की मुंबई?

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या घरात (सातारा जिल्हा, खटाव तालुका) माजघराच्या भिंतीवर एक फोटो माझ्या जन्माआधीपासून टांगलेला आहे. यंदा दिवाळीच्या आवराआवरीत त्याची काच तडकली म्हणून तो चौकटीतून बाहेर काढला आणि पहिल्यांदाच नीट पाहिला. तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

दोन रांगांत मिळून चौदा माणसं. पुढचे बाकावर बसलेले, मागचे उभे. सगळ्यांच्या डोक्याला फेटे, पण बांधणी एकसारखी नाही. दोघं तर सरळसरळ शीख दिसतात. एकाच्या काखेत कुबडी आहे, एकाच्या डोळ्यावर पट्टी. मागच्या रांगेत उजवीकडून दुसरे, डावा हात झोळीत असलेले, ते माझे पणजोबा. ही ओळख आजीची, ती त्यांची थोरली सून. ती म्हणायची, मामंजींना त्या हातानं नांगराचं रुमणं कधी धरता आलं नाही.

माणसांच्या मागे भिंत, तिला कमानी, आणि वरच्या कडेला अर्धवट कापला गेलेला एक घुमट. सगळा घोळ या घुमटाचा आहे.

आजी सांगायची की मामंजींना विलायतेत राजाच्या वाड्यात ठेवलं होतं. तिथे हिंदूंचा नळ वेगळा, मुसलमानांचा वेगळा, स्वयंपाकही ज्याचा त्याचा वेगळा. भिंतींवर पंखवाले नाग होते आणि रात्री जाग आली की त्यांची भीती वाटायची. लहानपणी आम्ही ही गोष्टच समजत होतो. थोरल्या काकांचं म्हणणं वेगळं : पणजोबा बसऱ्याच्या (आजच्या इराकमधल्या) बाजूला लढले, जखमी होऊन बोटीनं मुंबईला आले, आणि फोटोतला घुमट म्हणजे आपलं म्युझियम. काकांचं बोलणं मी उडवून लावत नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची इमारत १९१४ मध्ये बांधून झाली होती, पण १९२२ पर्यंत तिथे संग्रहालय सुरूच झालं नव्हतं. युद्धात तिचा लष्करी इस्पितळ म्हणून वापर झाला. शेजारच्या सायन्स इन्स्टिट्यूटच्या नव्या इमारतीतही इस्पितळ होतं.

घरात एक चांदीचं पदक शिल्लक आहे. एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि १९१४–१९१८. कडेवर इंग्रजीत नंबर, पणजोबांचं नाव आणि '३ एस. अँड एम.' म्हणजे खडकीचे थर्ड सॅपर्स अँड मायनर्स, फौजेतले खंदक-पूल बांधणारे. पण एवढ्यानं काहीच ठरत नाही. त्यांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या १९१४ मध्ये फ्रान्सला गेल्या, १७ आणि २२ नंबरच्या मेसोपोटेमियात, म्हणजे बसऱ्याच्याच बाजूला. चांदणीच्या आकाराचं आणखी एक पदक होतं म्हणे. ते दुष्काळाच्या साली तांब्यापितळेबरोबर मोडीत गेलं. घरच्यांना दोष देत नाही. पोरांच्या पोटासाठीच गेलं ते.

फ्रान्समधल्या पलटणींच्या युद्ध-डायऱ्या मी ऑनलाइन चाळल्या. जखमी साहेबांची नावं असतात. आपल्या शिपायांचे बहुतेक ठिकाणी नुसते आकडे. एक संध्याकाळ त्या आकड्यांकडे बघत बसलो, की यातला एक आमचा.

फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं मोडी लिपीत एक ओळ आहे. शिरोरेषा आधी ओढून खाली अक्षरं काढली आहेत. घरात कुणालाच वाचता येत नाही. पुढची आणि मागची, दोन्ही छायाचित्रं खाली जोडली आहेत. घुमट कुठला आणि ओळ काय, एवढं कुणी सांगू शकेल का?

खडकीकर :

तुमच्या आजीचं बोलणं शब्दाशब्दाला जुळतंय. इंग्लंडमधल्या ब्रायटनचा रॉयल पॅव्हिलियन, म्हणजे चौथ्या जॉर्जनं समुद्रकाठी बांधून घेतलेला महाल. डिसेंबर १९१४ ते १९१६ च्या सुरुवातीपर्यंत तिथे फक्त हिंदी शिपायांचं इस्पितळ होतं. शेजारच्या 'डोम' आणि 'कॉर्न एक्सचेंज' या इमारती धरून सातशेहून अधिक खाटा. धर्म आणि जात सांभाळायला नऊ स्वयंपाकघरं होती, नळही वेगवेगळे. महालाच्या मूळ मुदपाकखान्यात शस्त्रक्रिया चालत. पंखवाले नाग म्हणजे ड्रॅगन. संगीत दालनाच्या भिंतींवर आहेत, मेजवानीच्या दालनातलं झुंबर तर ड्रॅगननंच धरलेलं आहे. संगीत दालनात ओळीनं खाटा मांडलेले फोटो प्रसिद्ध आहेत. हे नाग कुणी खटावात बसून रचणार नाही. ते पाहिलेल्या माणसानंच सांगितलेले आहेत.

पदकाबद्दल : तुमच्याकडचं चांदीचं पदक सगळ्याच आघाड्यांवर मिळालं, म्हणून त्यातून उलगडा होत नाही. चांदणीवर '१९१४' असतं तर फ्रान्स पक्कं झालं असतं. ती चांदणी २२ नोव्हेंबर १९१४ पर्यंत फ्रान्स-बेल्जियममध्ये पोचलेल्यांनाच दिली. '१९१४–१५' वाली इतर आघाड्यांवरही मिळाली. घरात कुणाला त्यावरचे आकडे आठवतात का, विचारून पाहा.

२० आणि २१ कंपन्यांनी २८ ऑक्टोबर १९१४ ला ४७व्या शीख पलटणीबरोबर फ्रान्समधल्या नव शापेल गावावर हल्ला केला. खंदक खोदणारी, पूल बांधणारी माणसं, त्या दिवशी पायदळासारखी लढली. त्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. तुमचे पणजोबा तिथे असतील तर हात तिथेच गेला असणार, असं मला वाटतं.

दगडविटा :

मी जुन्या इमारतींचं काम करतो. म्युझियमचा मुख्य घुमट एकच, भला मोठा, विजापूरच्या गोल घुमटाच्या वळणाचा. खाली कुर्ल्याचा काळा आणि मालाडचा पिवळट दगड, त्यामुळे जुन्या फोटोतही दगडांचे थर दिसतात. ब्रायटनचे घुमट कांद्यासारखे, मधे फुगलेले, वर निमुळते, आणि भिंती गिलाव्याच्या, सपाट. तुमच्या फोटोत घुमटाची बाजू आत वळण्याआधी बाहेर फुगते आहे आणि भिंतीवर दगडाचा सांधा दिसत नाही. डाव्या कडेला एक फांदी आहे, तिला एकही पान नाही. माझं मत ब्रायटन.

खडकीकर :

फांदीवर फार भिस्त नको. सावर आणि पांगारा आपल्याकडेही माघ-फाल्गुनात उघडे पडतात. भिंतीचा मुद्दा मात्र भक्कम आहे. एक सावधगिरी : त्या गावात एका शाळेत आणि जुन्या गरीबखान्यातही (वर्कहाऊस) हिंदी शिपायांची इस्पितळं होती. माणसं इकडून तिकडे हलवत.

मोडीवाचक :

ओळ पुसट आहे. सुरुवात स्पष्ट : 'शके १८३६ माघ'. म्हणजे जानेवारी १९१५ चा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य. पुढे तिथी असावी, ती गेली आहे. त्यानंतरच्या शब्दाचं पहिलं अक्षर 'ब', दुसरं 'र' वाटतंय. 'बरायटन' म्हणावं असं मनात येतं, पण घाई करत नाही. शब्द तोकडा आहे, आणि नुसतं 'बरा' किंवा 'बरे'ही असू शकतं. फोटो काढून घरी धाडणारा माणूस 'बरा आहे' असं लिहीलच. तिरप्या उजेडात, पेन्सिलीचा दाब दिसेल असा जवळून फोटो काढून टाका.

धागाकर्ता :

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. तारीख वाचून वडिलांना फोन केला. ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, आजीला हे ऐकायला मिळायला हवं होतं.

चांदणीचं विचारलं. धाकट्या आत्याला ती आठवते, लहानपणी खेळायला घेतली होती. मधोमध दोन तलवारी होत्या आणि आडव्या पट्टीवर अक्षरं होती. वर्ष आठवत नाही.

काकांनाही हा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, बसऱ्याचं मी माझ्या मनानं सांगत नव्हतो, घरातल्या वडीलधाऱ्या अण्णांच्या तोंडून ऐकलेलं आहे. आता वाटतं, दोन्ही खरं असेल. हिंदी पायदळ १९१५ च्या शेवटी फ्रान्समधून मेसोपोटेमियात हलवलं, त्यातल्या लाहोर डिव्हिजनबरोबर २० आणि २१ नंबरच्या कंपन्याही गेल्या. पण तसा अधू हात घेऊन त्यांना पुन्हा पाठवलं असेल का? खडकीकर, याबद्दल काही सांगता आलं तर सांगा.

रविवारी गावी जातोय. मोडीवाचक, बॅटरी आडवी धरून त्या शब्दाचे जवळून फोटो काढतो आणि रात्रीच इथे टाकतो. 'बरायटन' निघालं तर शोध लागला. 'बरा आहे' निघालं तर तो कागद चौकटीत परत घालताना पाठीची बाजूही दिसेल अशी काच दोन्हीकडून लावणार आहे.