मदत हवी आहे: वाचकांच्या टॅगना हात लावावा का?

नमस्कार. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तालिकीकरणाचं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करायचं, काम करते. कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमधली, वाचकांना पुस्तकांना टॅग (स्वतःच्या शब्दांतली खूण) लावू देणारी सोय आम्ही यंदा सुरू केली. टॅग मंजूर करायचं काम माझ्याकडे आहे आणि तिथेच अडले आहे.

मध्यंतरी एक विद्यार्थिनी काउंटरवर आली. "घरच्यांना विसरायला लागलेल्या आजोबांची एखादी गोष्ट आहे का? आमच्याकडे सध्या तेच चाललंय." विषयशीर्षकांवरून, म्हणजे आम्ही नोंदीत घातलेल्या विषयाच्या ठरलेल्या शब्दांवरून शोधलं, काहीच नाही. कादंबरीच्या नोंदीत आम्ही 'मराठी कादंबरी' यापलीकडे क्वचितच जातो. टॅगमध्ये पाहिलं तर एका कादंबरीला कुणीतरी 'स्मृतीभ्रंश' लावलेलं. ती पुस्तक घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी दिसलं, की आणखी दोन पुस्तकं होती. एक 'स्मृतिभ्रंश' (ऱ्हस्व ति) आणि एक 'अल्झायमर' या टॅगखाली. त्या मुलीला ती दाखवता आली नाहीत, हे मला अजून लागून राहिलंय.

सहकारी म्हणतात, ठरलेल्या शब्दांची यादी द्या, वाचकांनी त्यातूनच निवडावं. पण मग ते विषयशीर्षकच झालं ना? वाचक ज्या शब्दाने शोधतो तो शब्द मला गमवायचा नाही. मग या विखुरलेल्या रूपांचं काय करू? आणि 'वाचायचंय', 'आईसाठी' असे टॅग मंजूर करायचे का?

आणखी एक. विषयवार दुव्यांचा संग्रह एखाद्या बुकमार्किंग संकेतस्थळावर ठेवावा असं चाललंय. ते कितपत भरवशाचं?

प्रतिसाद १
ताई, वाचकाचा टॅग बदलू नका. लायब्ररीथिंग या आपल्या पुस्तकांची नोंद ठेवायच्या संकेतस्थळावर सदस्य समानार्थी टॅग एकमेकांना जोडतात, पण ज्याचा टॅग त्याच्याकडे तसाच राहतो. तोच विचार तुम्हाला अधिकृत नोंदींतून (ठरलेलं शीर्षक आणि त्याची इतर रूपं एकत्र ठेवणाऱ्या नोंदी) राबवता येईल. 'स्मृतिभ्रंश' हे शीर्षक करा, बाकीची रूपं त्याच नोंदीत 'पहा' संदर्भ म्हणून घाला आणि ते शीर्षक तिन्ही पुस्तकांना जोडा. कोहाच्या सेटिंगमध्ये 'इन्क्लूड सी फ्रॉम इन सर्चेस' सुरू करून पुन्हा इंडेक्सिंग केलंत, की कुठल्याही रूपाने शोधलं तरी तिन्ही सापडतील. टॅग तुम्हाला कुठलं शीर्षक कमी पडतंय ते दाखवतात, माझ्या मते त्यांचा सगळ्यात मोठा उपयोग हाच.

'वाचायचंय'साठी कोहात खासगी यादी करता येते, वाचकांना ती दाखवा. 'आईसाठी' इतरांच्या शोधात कामाचा नाही, तो मी नामंजूर करेन.

प्रतिसाद २
दुव्यांबद्दल सांगतो. डिलिशियस हे बुकमार्किंग संकेतस्थळ २००३ साली सुरू झालं, अनेक ग्रंथालयांनी त्यावर विषयवार दुवे ठेवले. २०१७ मध्ये पिनबोर्ड या तशाच दुसऱ्या संकेतस्थळाने ते विकत घेतलं आणि त्यात नवीन दुवे टाकणं बंद झालं. संशोधकांसाठीची अशीच दोन संकेतस्थळंही गेली: कनोटिया २०१३ मध्ये बंद पडलं, साइटयूलाइक २०१९ मध्ये. तेव्हा वापरा जरूर, पण दर महिन्याला सगळे दुवे टॅगसकट निर्यात करून स्वतःकडे ठेवा. निर्यातीची सोय नसेल तिथे सुरुवातच करू नका.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. अधिकृत नोंदीचं मला सुचलंच नव्हतं. उद्या सकाळी पहिली नोंद 'स्मृतिभ्रंश'चीच करते, आणि उरलेली दोन पुस्तकं त्या मुलीसाठी बाजूला काढून ठेवते.