मदत हवी आहे: जांबोटीजवळ मिळालेल्या लांब मिशांच्या भुंगेऱ्याची जात कोणती?

सप्रेम नमस्कार.

खानापूर तालुक्यात जांबोटीजवळ आमच्या परड्यातील फणसाच्या बुंध्याशी, मृगाच्या पहिल्या पावसानंतर, एक मोठा भुंगेरा मेलेल्या अवस्थेत मिळाला. तो सुकवून जपून ठेवला आहे. त्याची जात ठरवण्यासाठी जाणकारांचे साहाय्य हवे आहे.

शरीराची लांबी सुमारे ४५ मिलिमीटर असून मिशा त्याहूनही लांब आहेत. डोळा मिशीच्या बुडाला वळसा घालतो आणि चेहरा सरळ खाली उतरतो, त्यामुळे हा सेरॅम्बिसिडी, म्हणजे लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या, कुळातील लॅमिनी उपकुळाचा आहे, याबद्दल मला शंका वाटत नाही. रंग राखट तपकिरी. मानेमागच्या कवचावर काजूबीच्या आकाराचे दोन नारिंगी डाग आणि दोन्ही बाजूंना एकेक टोकदार काटा आहे. पंखकवचांच्या मुळाशी असलेला छोटा त्रिकोण पांढराशुभ्र असून त्याच्या दोन्ही अंगांना काळे, चकचकीत दाणे आहेत.

अडचण आहे ती पंखकवचांवरील ठिपक्यांची. आंब्याचे खोड पोखरणारा भिरूड, म्हणजे बॅटोसेरा रूफोमॅक्युलाटा, फणसात आणि अंजिरातही वाढतो, म्हणून मी आधी तेच नाव धरले. परंतु त्याचे ठिपके नारिंगी-पिवळे असल्याचे वाचनात येते आणि या नमुन्याचे तर पांढरट आहेत. मग लिनिअसने १७५८ मध्ये वर्णिलेली बॅटोसेरा रूबस ही जवळची जात असेल का, की मेल्यावर रंग फिका पडला असेल? रंगापेक्षा ठिपक्यांची मांडणी आणि पंखकवचांच्या टोकांची ठेवण अधिक भरवशाची, असे माझे मत आहे. तरी या दोन जातींतील फरक नेमका कोठे पाहावा, हे कृपया सांगावे.

त्याच फणसाच्या खोडातून एका भोकावाटे ओलसर भुसा बाहेर येत आहे आणि बांधावर आंब्याची जुनी झाडे आहेत, म्हणून घरात औषध ओतण्याची घाई चालली आहे. या कुळातील अनेक जाती केवळ मेलेल्या लाकडावर जगतात आणि त्याची माती होण्यास हातभार लावतात, तेव्हा नाव कळण्याआधी औषधाला हात लावणे मला योग्य वाटत नाही. चंदगड, आजरा किंवा दोडामार्ग भागात कोणी असा भुंगेरा पाहिला असल्यास तो कोणत्या झाडावर होता, हेही कळवावे. कोणत्या अवयवाचे जवळून छायाचित्र हवे ते सांगितल्यास लगेच काढून देईन.